वरची बाजू

उबवणी केंद्रातून निवृत्त होताना मावशीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते महिन्याभरात बंद पडलं. तिच्या हातांनी मात्र नोकरी सोडली नाही. यंत्रं येण्याआधी कोंबडीची अंडी दिवसातून कितीदा तरी हाताने फिरवावी लागत, आणि ती सवय अशी मुरली होती की टोपलीतले बटाटेसुद्धा ती जाता-येता फिरवी. काका म्हणत, एखाद्या दिवशी यातून पिल्लू निघेल आणि मग मला त्याची भाजी जायची नाही.

अशा बाईच्या घरी भाचीने आपली पाळलेली गेको आणून ठेवली. गेको म्हणजे तशी पालच, पण ठिपक्यांची, जाड शेपटीची. भिंतीवरच्या पालीच्या वाट्याला झाडू येतो. हिच्या वाट्याला काचेचं घर आणि थर्मामीटर आला होता. भाची प्रशिक्षणाला परगावी गेली आणि तिची पाठ फिरते न फिरते तोच गेकोने दोन अंडी घातली. नर नुकताच मेला होता, म्हणजे ही शेवटचीच. भाची फोनवर रडकुंडीला आली. ही दोन तेवढी जगव, मावशी, पुन्हा काही म्हणजे काही मागणार नाही, असं तिने परोपरीने विनवलं.

जगवायचं म्हणजे काय, तर फिरवायचं नाही. कोंबडीचं अंडं फिरवलं नाही तर पिल्लू आत चिकटतं. गेकोचं फिरवलं तर ते आत गुदमरतं. मावशीला हा उभ्या नोकरीचा अपमान वाटला, पण तिने तो गिळला. अंडी पडली होती तशीच चमच्याने अलगद उचलली, कुंडीत घालतात त्या पांढऱ्या परलाइटने भरलेल्या डबीत खळगे करून ठेवली, वरच्या बाजूला मऊ पेन्सिलने एकेक फुली काढली आणि डबी भाचीच्या ऊबपेटीत सरकवली. पेटी मागच्या खोलीत, टेबलावर. त्या दिवशी ती भांडी घासताना चक्क गुणगुणली. किती दिवसांनी कोणी तिला तिचं काम दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून आली, तर फुल्या वर नव्हत्या. दोन्ही उजवीकडे कलल्या होत्या.

मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. घरातली खरी पाल मात्र शांतपणे अळी चघळत होती. पहिला संशय मावशीने स्वतःच्याच हातांवर घेतला. काकांनीही तो उदारपणे घेऊ दिला. फुल्या पुन्हा वर आणायचा मोह तिने आवरला, मागच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली काकांच्या खिशात घातली. काका मित्राकडे बुद्धिबळ हरायला गेले. ती दिवसभर बंद दारासमोर मटार सोलत बसली. आत कसलाच आवाज नव्हता. फक्त दुपारी दाराच्या फटीतून ओल्या पिसांचा गोडसर, कोंदट वास आला. तो वास तिने केंद्र सोडल्यापासून घेतला नव्हता.

संध्याकाळी काकांनी कुलूप काढलं.

फुल्या डावीकडे होत्या.

"तू नाहीस," काका म्हणाले. असं काही कबूल करायची सवय नसल्याने ते खाली बसले.

मावशी बघत राहिली. काल उजवीकडे, आज डावीकडे. एकाच अंगाला फिरवत गेलं तर आत पीळ बसतो. म्हणून आलटूनपालटून फिरवायचं. नवख्याला हे सुचत नाही.

"अहो, हात शिकलेला आहे," ती म्हणाली.

"कोणाचा?"

तिने अंड्याच्या कडेला फोनचा दिवा धरला. एवढ्या फिरवाफिरवीने एव्हाना जीव गुदमरून आत पाणी व्हायला हवं होतं. आत लालसर शिरांचं जाळं होतं, आणि मोहरीएवढी काळी सावली आपल्या जागी सुखाने हलली.

मावशीने भाचीला फोन करून सांगितलं की सगळं उत्तम आहे. ते खरंच होतं.

कुलूप मग कोणी लावलं नाही. फुल्या रोज फिरत राहिल्या, अंडी टरारून फुगत गेली. काका त्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करू लागले, आणि त्यावर मावशी त्यांना एकदाही हसली नाही.

एका दुपारी दोघं जेवून उठली, तर दोन्ही पिल्लं बाहेर आली होती. ओलसर, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, धडधाकट. भाची फोनवर आनंदाने रडली. काकांनी डोळे पुसले आणि चष्म्याला नावं ठेवली.

मावशीने रिकामी कवचं उचलली.

पिल्लू आतून चिरतं, तेव्हा कातड्यासारख्या त्या कवचाची कड बाहेर वळते. इथे ती आत वळली होती. केंद्रात अशक्त पिल्लाला बाहेरून वाट करून देत, अगदी तशी. चीर सफाईदार होती.

"तू मदत केलीस ना?" काकांनी दारातूनच विचारलं.

"केली," मावशी म्हणाली.

काका निश्चिंत होऊन चहा टाकायला गेले.

पिल्लं तिच्याकडे बघत नव्हती. दोघांच्याही माना वर होत्या, टेबलाच्या पलीकडे, उभ्या माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर.

मावशी वळसा घालून पलीकडे गेली आणि तिथे उभी राहिली. पाठीशी नुसती भिंत.

खोलीतली सगळी फरशी गार होती. तिच्या अनवाणी पायांखालची, दोन पावलांपुरती, कोमट होती.