तळ्यावरचं ऊन

सकाळी दहाच्या सुमारास चित्रकारानं वहिनींना द्यायचं चित्र बांधायला घेतलं. वर्षभर ते भिंतीकडे तोंड करून उभं होतं. खाकी कागद, सुतळी, कात्री, सगळं हाताशी; फक्त चित्राकडे बघणं जिवावर आलं होतं. म्हणून त्यानं पाठीकडूनच कागद लपेटला आणि घाईघाईनं गाठ मारली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

झालं होतं असं. तो तळ्याकाठी तैलरंगात चित्र काढत होता आणि थोरला भाऊ नेहमीसारखा पोहायला उतरला होता. कलतं ऊन पाण्यावर दहा मिनिटं टिकतं, फार तर बारा. उघड्यावर चित्रं काढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तेवढ्यात हाक आली. त्यानं मान वर केली, तर दादाचा हात दिसला. दादा पक्का थट्टेखोर, बुडायचं सोंग तर ठरलेलंच. "आलो, आलो," म्हणत यानं ब्रशवर पिवळा घेतला. हाक पुन्हा आली. हे सोंग नाही, हे त्याला कळलं. कळलं, आणि तरी त्यानं उरलेलं ऊन आधी कॅनव्हासवर उतरवलं. मग ब्रश ठेवला, तेव्हा पाणी शांत झालं होतं.

घरी त्यानं सांगितलं, मी झाडीत गेलो होतो, मला काही दिसलंच नाही. वहिनींनी विश्वास ठेवला. वर त्यालाच समोर बसवून जेवायला वाढायच्या, "तुम्ही तरी काय करणार, भाऊजी," म्हणायच्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज चित्र न्यायला वहिनी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सोडून दाखवा की."

"घरी जाऊन निवांत बघा ना, वहिनी..."

"न बघता कोण नेतं?" त्यांनी स्वतःच गाठ सोडली.

कागद बाजूला झाला, तसा खोलीत शेवाळाचा गार वास पसरला. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या.

"भाऊजी... हे पाण्यात उतरून काढलंत का?"

"पाण्यात?"

"पुढे सगळं पाणीच आहे. काठ तिकडे लांब."

त्यानं पुढे होऊन पाहिलं. त्यानं काठावरून तळं रंगवलं होतं. हा तळ्यातून दिसणारा काठ होता, तोही पाण्याला हनुवटी टेकल्यावर दिसावा तसा. ब्रशचे फटकारे मात्र त्याचेच होते.

"आणि काठावर हे तुम्ही ना?" वहिनी वाकल्या. "तुम्ही तर झाडीत होतात..."

त्यानं कागद पुन्हा चित्रावर ओढायला घेतला; वहिनींनी तो बाजूला सारला.

"इकडेच बघताय." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "हातात ब्रश आहे..."

"वहिनी, मी... पाहिलं होतं त्याला. हाकही ऐकली होती."

वहिनींनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांची नजर चित्रावरच खिळली होती.

"थांबा..." त्या पुटपुटल्या.

काठावरच्या माणसानं मान खाली घातली होती, आणि तो पुन्हा रंगवायला लागला होता.