फेकलेल्या आवाजातली टकटक

ही गोष्ट खरी आहे. शपथ घेत नाही, कारण शपथा खोटं बोलणारेच जास्त घेतात. पटली तर पटली, नाहीतर हसून सोडून द्या.

आणि आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही. भुतांनी दुपारी येऊ नये असा काही नियम नसावा. गेल्या हिवाळ्यातला रविवार. चहाची वेळ. खिडकीत लख्ख ऊन होतं आणि खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

मी घरी बसून गाणी मिक्स करतो. बँडमधल्या प्रत्येकाच्या माइकचा आवाज माझ्याकडे वेगळा येतो. कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे सारायचं, कुणाचं बेसूर लपवायचं, हे माझं काम. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण बहुतेक माझ्या धंद्यातल्याच कुणीतरी काढली असावी.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. बोळकांडीच्या टोकाला माझी कामाची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड रजया ठोकल्यात. दार प्लायवूडचं, आतून पोकळ.

ह्या दाराबद्दल नीट सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

बाहेर लाल दिवा लावू, म्हणजे रेकॉर्डिंग चालू आहे हे बायकोला कळेल, असं मी लग्नानंतर लगेच ठरवलं होतं. तो दिवा आजतागायत लागलेला नाही. मग तिनेच तोडगा काढला. ती चहा घेऊन यायची आणि बोटाच्या पेराने दारावर हलकेच दोनदा वाजवायची.

टक् टक्.

मी मोकळा असलो तर "ये" म्हणायचं. रेकॉर्डिंग चालू असलं तर गप्प बसायचं. उत्तर आलं नाही की ती थोडी थांबायची आणि चहा घेऊन परत जायची. दोघांत दुसरा शब्द नाही.

अर्थात ती टकटक माझ्या रेकॉर्डिंगमध्ये यायचीच. मी नंतर ती कापून टाकायचो. सगळी वर्षं मी हेच केलं.

ती गेली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. जगभरचे आवाज जपून ठेवणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या बायकोची टकटक नव्हती. एकही नाही. हॉस्पिटलमधून रिकाम्या हाताने घरी आलो आणि सगळी जुनी कामं उघडून शोधत बसलो. पण मी काम फार स्वच्छ करतो हो. सगळं कापलेलं होतं.

ताई फोनवर रोज म्हणायची, "इकडे ये राहायला. एकटा जीव, भिंतींशी बोलत बसशील."

मी म्हणायचो, "भिंतींना रजया लावल्यात. त्या काय ऐकणार?"

ती हसायची नाही.

तर, तो रविवार.

आमच्या ओळखीच्या बँडने एका जुन्या हॉलमध्ये कार्यक्रम केला होता. त्याचं रेकॉर्डिंग मीच केलं होतं, स्टेजच्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसून. हॉल प्रचंड मोठा. छत उंच, दारं लोखंडी. छताजवळ एक म्हातारा पंखा होता, तो पूर्ण कार्यक्रमभर घुरघुरत राहिला. ती घुरघुर प्रत्येक माइकमध्ये शिरली होती.

त्यासाठी माझ्याकडे एक प्लगइन आहे. म्हणजे कॉम्प्युटरमधला एक छोटा चाळणीवाला समजा. त्याला आधी नुसती घुरघुर ऐकवायची. तो शिकतो, की हा कचरा. मग गाण्यातून तेवढाच कचरा उपसून काढतो.

त्यात एक बटण असतं. ते दाबलं की गाणं बंद होतं आणि काढलेला कचरा तेवढा ऐकू येतो. बरेच जण ते दाबत नाहीत. मी नेहमी दाबतो. कचऱ्याबरोबर एखादा सूर तर जात नाही ना, हे बघायला.

मी बटण दाबलं. घुर्रर्र... ठीक होतं.

स्क्रीनवर पहिलं गाणं संपलं. टाळ्या विरल्या. पुढचं गाणं सुरू होण्याआधीची शांतता आली. आणि त्या घुरघुरीत...

टक् टक्.

मी हेडफोन काढून दाराकडे बघितलं.

सवय हो. दुसरं काय?

बोळकांडीत कुणी नव्हतं. परत येऊन तोच तुकडा लावला. पुन्हा टक् टक्, त्याच जागी. ड्रमरच्या काड्या असतील म्हणून त्याचे माइक बंद केले. टकटक होतीच. गिटारवाल्याचा माइक बंद केला, गायिकेचा केला, की-बोर्ड काढला, शेवटी एकच माइक ठेवला. तरी होतीच. जो माइक ठेवावा त्यात, तेवढीच, तशीच.

मग बटण सोडून मूळ रेकॉर्डिंग ऐकलं, जसं हॉलमध्ये झालं तसं.

त्यात टकटक नव्हती.

जे आत नव्हतंच, ते बाहेर काढलं कसं?

पण मी चमकलो तो त्याने नाही. त्या हॉलमध्ये सुई पडली तरी तिचा आवाज छतापर्यंत जाऊन घुमतो. प्रत्येक आवाजाला लांब शेपूट. ह्या टकटकीला शेपूट नव्हती. ती वाजली आणि तिथेच संपली. रजया ठोकलेल्या छोट्या खोलीत संपावी तशी.

आणि लाकूड पोकळ होतं.

स्वतःच्या घराचं दार माणूस ओळखतो. मी तर ओळखणारच.

दुसऱ्या गाण्यानंतर पुन्हा आली. थोडी स्पष्ट. तिसऱ्यानंतर आणखी. प्रत्येक वेळी टकटक, मग थोडी शांतता. अगदी एखाद्याने "ये" म्हणावं इतकीच जागा. मग पावलं... लांब जाणारी.

मला भीती वाटली असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. इतक्या दिवसांनी तिची टकटक मिळाली होती. कचऱ्यात का होईना, मिळाली होती.

शेवटच्या गाण्यानंतरचा तुकडा मात्र मला एकट्याने ऐकवेना. कॉम्प्युटर तसाच ठेवला आणि ड्रमरला फोन केला.

त्याला सगळे धडाम म्हणतात. माणूस तसाच आहे. दार ढकलून येतो, खुर्चीत आदळतो, आणि घरी कुणी झोपलंय का हे नंतर विचारतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मी काही न सांगता त्याच्या कानाला हेडफोन लावले आणि स्वतः दुसरे लावले.

टक् टक्.

"उंदीर," तो म्हणाला.

"उंदीर दोनदाच वाजवून थांबतो?"

"शिकलेला असेल."

मी पुढचा तुकडा लावला. मग त्याच्या पुढचा. त्याने हसणं थांबवलं. बोटं मांडीवर हलत होती, ताल धरल्यासारखी.

"कोण चालतंय रे हे?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "तुझी वहिनी."

त्याने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. मग सावकाश म्हणाला, "नाही रे."

"नाही म्हणजे?"

"मी तालाचा माणूस आहे. ऐक ना जरा नीट. एक, दोन, एक, दोन. दोन्ही पावलं सारखी. वहिनी अशा चालायच्या का?"

मी तेवढा तुकडा पुन्हा लावला.

लहानपणी तिचा डावा पाय मोडला होता, तो नीट बसला नाही. ती एक पाऊल टाकायची आणि दुसरं घासत आणायची. टप्... स्सर्... टप्... स्सर्. स्वयंपाकघरातून निघाली की मला इथे कळायचं. मी आयुष्यभर कानांवर पोट भरलं, आणि हे मला ऐकू आलं नव्हतं. मला ऐकायचंच नव्हतं.

"बंद कर ते," धडाम म्हणाला.

"एकच तुकडा राहिलाय."

शेवटचं गाणं संपलं. घुर्रर्र... टक् टक्. आता इतकं जवळ, की दोघांनीही दाराकडे पाहिलं.

शांतता.

आणि मग एक पुरुषाचा आवाज आला...

"ये."

कडी वाजली. दार उघडलं. पावलं आत आली. एक, दोन, एक, दोन. अगदी खुर्चीजवळ येऊन थांबली. मग पंख्याची घुरघुर वाढली आणि सगळं तिच्यात बुडालं.

धडामने हेडफोन काढले. ते टेबलावर लांब सरकवले.

"अरे, हा तर तू आहेस," तो म्हणाला.

"कार्यक्रमात मी काहीच बोललो नव्हतो. तू स्टेजवर समोरच होतास. मी तोंड उघडलं का?"

"मग आवाज कुणाचा? तूच आहेस. फक्त घसा बसलाय तुझा. त्या दिवशी बसला होता का?"

"नाही."

तो उठला. चहासुद्धा न घेता निघाला, आणि हा माणूस चहा सोडून जातो म्हणजे बघा. दारात थांबून म्हणाला, "ताईंकडे जा तू. आजच जा. माझं ऐक."

मी गेलो नाही.

गाणी मिक्स करून दिली. स्वच्छ, एक ओरखडा नाही. बँड खूश झाला. फेकलेला आवाज मात्र मी फेकला नाही, वेगळा ठेवला. पुन्हा ऐकलेला नाही. पण पुसवतही नाही.

तुम्ही म्हणाल, इथे संपलं.

त्यानंतरच्या आठवड्यात, चहाच्या वेळी मी खोलीत बसलो होतो. हेडफोन टेबलावर. कॉम्प्युटर बंद. काहीच वाजत नव्हतं...

टक् टक्.

खऱ्या दारावर.

मी श्वास रोखून बसलो. पलीकडे कुणीतरी थांबलं होतं, वाट बघत. मी गप्प राहिलो. मग पावलं बोळकांडीतून परत गेली. सारखी पावलं. कुठेही घासणं नाही.

उठून दार उघडलं. बोळकांडी रिकामी होती. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बाहेरच्या दाराला आतून कडी होती.

तेव्हापासून जवळजवळ रोज दुपारी हे होतं. आता मी एक करतो. चहाच्या वेळेआधी माइक लावतो आणि रेकॉर्डिंग सुरू करतो, रिकाम्या खोलीचं. कारण आमचा ठराव होता. रेकॉर्डिंग चालू असेल तरच गप्प बसायचं. उगाच गप्प बसून मला तिला फसवायचं नाही. जर ती, ती असेल तर.

त्या रेकॉर्डिंगमध्ये टकटक कधीच येत नाही. माझा श्वास येतो, खुर्चीची कुरकुर येते. बस.

ताई म्हणते, घर सोड. कसं सोडू? ती असेल, आणि दार वाजवून तिला आत कुणीच सापडलं नाही तर?

आणि ती नसेल तर... मी रोज कुणाला परत पाठवतोय?

मी खूप विचार करतो त्या पावलांचा. मेल्यावर पाय बरा होत असेल का? इथलं मोडलेलं तिथे जुळत असेल का? तसं असेल तर ती आता मजेत चालत असेल, आणि मी मूर्खासारखा तिला दाराबाहेर उभी करतोय. जिना चढताना तिला किती त्रास व्हायचा. एकदा तरी तिला सरळ चालताना बघावं, असं मला फार वाटायचं.

पण कुणी नुसती तिची टकटक शिकून घेतली असेल तर? चालणं मात्र शिकायचं राहिलं असेल तर? माझा प्लगइनसुद्धा थोडं ऐकवलं की शिकतो.

हे सगळं आजच लिहायला बसलो, त्याला कारण आहे.

काल गार वाऱ्यात गच्चीवर उशिरापर्यंत बसलो होतो. सकाळी ताईचा फोन आला. मी हॅलो म्हटलं, तर तिने विचारलं, "कोण बोलतंय?"

माझा घसा बसलाय. पार बसलाय. मी खोलीत येऊन एकदा हळूच "ये" म्हणून बघणार होतो, त्या आवाजाशी जुळतो का ते. तोंडावर हात ठेवला, म्हणालो नाही.

आता दुपार झालीय. खिडकीत ऊन आहे. माइक लावलाय, रेकॉर्डिंग चालू आहे, नियमाप्रमाणे मी गप्प बसायला मोकळा आहे.

पण खरं सांगू? मला फार एकटं वाटतंय.

आणि बोळकांडीत पावलं वाजू लागलीत.