सामान राखायला ठेवलेला माणूस

यशवंताच्या पडवीत कुणी टेकला रे टेकला की हेच विचारतो, त्या पाण्याकडे बसलेल्या पोराला काय झालं. चहासुद्धा घशाखाली उतरू देत नाही. सांगून सांगून म्हाताऱ्याचं तोंड दुखलं. घ्या, ऐका आणि उठा.

गोव्यात डिचोलीकडच्या खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले, आणि सावंतवाडीहून आलेला यशवंत ड्रायव्हरचा वॉचमन झाला. बंद खाणीच्या काट्याजवळ, म्हणजे ट्रकांचं वजन व्हायचं तिथं, त्याची खोली. खाली खड्ड्यात हिरवं पाणी.

तिथं सिद्धेश आला फिल्म काढायला. बरोबर त्याचा दोस्त साईश, माइक धरायला. सिद्धेश हे कुठल्या शाळेत शिकला नव्हता. परदेशी पोरांनी पदरमोड करून काढलेल्या सिनेमांच्या डिस्क आणायच्या, एक बटण दाबायचं, की दिग्दर्शकच सिनेमावरून बोलू लागतो, कुठला शॉट कसा घेतला ते. ते इंग्रजी ऐकायचं, साईशला मराठीत सांगायचं, आणि तसंच करायचं. लॅपटॉप त्यानं कट्ट्यावर मांडला.

"आधी जागेवाल्याक, हंयच्या राखणदार देवाक, गाऱ्हाणा घाल," यशवंत म्हणाला. "नारळ ठेव. मगे काय ता कर."

"काका, खाण बंद पडली तेव्हाच तुमचो जागेवालो पेन्शनीत गेलो."

साईश हसला नाही. खाण चालू होती तेव्हा रोज सकाळी गाऱ्हाणं व्हायचं, ते त्यानं बापाबरोबर पाहिलं होतं. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा व्हय पडलं की बोललेलं मोडत नाही.

भर दुपार. वारा पडलेला. तापल्या पत्र्याचा आणि कुजक्या पाण्याचा वास. सिद्धेश डिस्क थांबवून एकेक वाक्य मोठ्यानं सांगू लागला.

"हा म्हणतो, आम्ही कुणाला न विचारता आत शिरलो."

साईशनं हेडफोन कानावर दाबला. "कोण बोललो...?"

"कोण ना."

"उदकाकडसून... व्हय म्हाराजा म्हणटात. खूब जाण आसात."

यशवंताची विडी बोटातच विझली. "सिद्धेशा, बंद कर ता."

"हा म्हणतो, माणसं कमी होती, म्हणून तिथलीच घेतली."

साईशचा चेहरा मातीसारखा झाला.

"पुढचा बोला नको, बाबा..." यशवंत म्हणाला.

"म्हातारे भियेले," सिद्धेश म्हणाला, आणि वाक्य पुरं केलं. "शेवटी आमचा एक माणूस तिथंच ठेवला, सामान राखायला."

या खेपेला हेडफोन लागला नाही. खड्ड्यातून आलेलं 'व्हय म्हाराजा' यशवंतानंही ऐकलं.

साईशनं हेडफोन काढून हळूच खाली ठेवला. "तू वच," तो सिद्धेशला म्हणाला. "हांव हांगाच रावतां."

तो उठायला तयार नव्हता; सिद्धेशनं ओढून, स्कूटरवर बसवून त्याला घरी नेलं. दुसऱ्या दुपारी तो चालत परत. आई विमलानं नवस केले, दाराला कडी घातली, शेवटी थकली. सिद्धेशनं तिला सांगितलं, म्हाताऱ्यानं पोराला सोरो पाजला, दारूच्या नशेत डोक्यात काहीबाही भरवलं. गावानं तेच धरलं. सिद्धेश मुंबईला गेला.

आता यशवंतच साईशला पेज घालतो. साईश पाण्याकडे तोंड करून बसतो. एखादं वाक्य मावेल इतका गप्प राहतो, मग म्हणतो, "व्हय म्हाराजा." पुन्हा गप्प.

गेल्या सोमवारपासून मात्र तो व्हय म्हणायचा थांबलाय. ऐकून घेतो, मान वळवतो, आणि यशवंताकडे बघत राहतो, कबूल करू की नको असं विचारल्यासारखा. तिकडून आता यशवंताचंच नाव घेतात की काय.

तो व्हय म्हणायच्या आत एकानं येऊन या पडवीत त्या सोऱ्याच्या खोट्याची माफी मागावी. सिद्धेशनं.