पायऱ्यांखालचा नाच

त्या दुपारी मी वस्तीच्या सभागृहात पोटावर पालथी पडून जमिनीच्या फळ्या ठोकत होते. कुठली फळी पोकळ वाजते ते कान लावून बघत होते. एवढ्यात माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर एक चाक येऊन थांबलं.

"काय म्हणतेय जमीन?" वरून आवाज आला.

मी मान वर केली. व्हीलचेअरमध्ये एक तरुण. कपाळावर घामाने चिकटलेले केस, आणि डोळ्यांत असं हसू, की मला उगाचच माझ्या वेणीतला भुसा आठवला.

"म्हणतेय, जरा लांब उभे राहा," मी म्हटलं... आणि लगेच जीभ चावली.

तो खळखळून हसला. "उभं राहणं तेवढं जमणार नाही. लांब होतो."

आणि तो लांब झाला — चाकाला नुसता झटका देऊन, खुर्ची गर्रकन फिरवून, वाऱ्यावरच्या पानासारखा पार भिंतीपर्यंत. पटाशी हातात धरून मी तशीच बसून राहिले.

सगळे त्याला मास्तर म्हणत. लहानपणीच्या तापात त्याचे पाय गेले होते. वस्तीतल्या लोकांना घेऊन तो नाच बसवत होता. त्यात निवृत्त नर्सबाई होत्या, काठी टेकत येणारे टपालवाले काका होते, बाळाला कडेवर घेऊन येणारी शिंपीणताई होती. पायऱ्यांनी कुणाला कुठून परत पाठवलं, ते प्रत्येकाने सांगायचं आणि मास्तर त्यातून नाच काढायचा. नर्सबाईंचं पेन्शनचं ऑफिस वरच्या मजल्यावर. गुडघे धरलेले, म्हणून त्या खाली उभ्या राहून, हात वर करून कुणाला तरी हाक मारायच्या. तो वर गेलेला हात मास्तरने नाचात घेतला. बाईंनी सावकाश हात उचलला, मागोमाग सगळ्यांचे हात उठले, तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

फळ्यांचं काम मी लांबवत राहिले. एक दिवस मास्तर म्हणाला, "कारागीर, तुम्हीपण या नाचायला."

"मला कुठं येतं?"

"रंधा मारताना किती छान झुलता तुम्ही. रोज बघतो मी."

"रोज?"

तो गडबडला. "म्हणजे... फळ्या कशा बसतात, ते बघायला येतो."

माझे कान तापले. पण दुसऱ्या दिवसापासून मी नाचायला लागले.

बाबांच्या हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. आम्ही दोघं मिळूनच सुतारकाम करायचो. उकिडवं बसून बसून त्यांचे गुडघे झिजले होते, म्हणून बाहेरची कामं माझ्याकडे आली होती. ते रागावले नाहीत. लाकडावरून हात फिरवत म्हणाले, पोरगा गुणी आहे, पण जन्मभर तुलाच उचलावं लागेल त्याला. तो स्वतःचं सगळं स्वतः करतो, असं मी सांगितलं. आज करतो, म्हातारपणी काय, असं त्यांनी विचारलं. मी रंधा उचलून फळी तासायला घेतली. तो प्रश्न मात्र लागला.

मग शहरातलं मोठं नाट्यगृह आम्हाला मिळालं. सगळे हरखून बघायला गेलो, तर रंगमंचावर जायला नुसत्या पायऱ्या. व्यवस्थापक मोठ्या मनाने म्हणाले, काळजी नको, माणसं लावून खुर्चीसकट उचलू. मास्तरचा चेहरा पडला. शाळेत बक्षीस घेताना त्याला असंच पोत्यासारखं वर नेलं होतं, आणि टाळ्या पडल्या त्या उचलणाऱ्यांना. कार्यक्रम रद्द करू, तो हळूच म्हणाला.

मी फळ्यांचा उतार करून देते म्हटलं. व्यवस्थापकांनी जागा नाही म्हणून तोही मोडीत काढला. हताश होऊन मी रंगमंचाच्या कडेला बसले. समोर, पहिल्या रांगेपुढे, ऐसपैस मोकळी जागा पसरली होती.

"मास्तर," मी म्हटलं, "आपण खालीच नाचू. प्रेक्षकांना चढवू वर."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कारागीर... काय डोकं आहे तुमचं."

"भुसा भरलाय नुसता."

"तोच तर आवडतो मला," तो म्हणाला, आणि घाईघाईने चाकाकडे बघू लागला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी शहरातली बडी मंडळी कुरकुरत पायऱ्या चढली आणि रंगमंचावर मांडलेल्या खुर्च्यांत बसली. बाबाही आले होते. अर्ध्या पायऱ्यांवर ते थांबले. गुडघ्यावर हात. व्यवस्थापकांनी उचलायला माणसं बोलावली, तर बाबा ओशाळून नको म्हणाले आणि खाली उतरून आमच्यातच अवघडून उभे राहिले. संगीत तर सुरू झालेलं.

मास्तर त्यांच्याकडे गेला. त्यांच्याभोवती मोठं वर्तुळ घेतलं, शेजारी थांबून खुर्चीला ब्रेक लावला आणि आपला खांदा पुढे केला. बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं... आणि त्या खांद्यावर भार टाकला. नर्सबाईंचा हात उठला. काकांचा, ताईचा, माझा. आणि सावकाश, बाबांचा.

वर कुणी टाळी वाजवली नाही. मग एक वयस्कर बाई खुर्चीतून उठल्या, कठडा धरून खाली आल्या आणि आमच्यात हात वर करून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागून आणखी कुणी, मग आणखी. शेवटी व्यवस्थापकही उतरले. सगळं नाट्यगृह खाली आलं होतं, आणि रंगमंच रिकामा. एवढं मोठं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

नंतर आम्ही दोघं दाराशी थांबलो. बाहेरची बारीक भुरभुर नुकतीच थांबली होती.

"मास्तर," मी म्हटलं, "मी तुम्हाला कधी उचलणार नाही."

"नक्की?"

"नक्की. भांडेन मात्र रोज."

"रोज..." त्याने तो शब्द जपून उच्चारला. "म्हणजे रोज भेटणार?"

"इतकंही कळत नाही तुम्हाला?"

"कळतंय. पण आता मला 'तू' म्हण ना."

"तू," मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं, इतक्या लहानशा शब्दाने श्वास अडतो. त्याने हात पुढे केला, आणि मी तो धरला.

मागे बाबा खाकरले. कधीपासून उभे होते कोण जाणे. मास्तरकडे बघत म्हणाले, "जेवायला चला घरी. दाराशी पायरी आहे आमच्या, ती उद्या सकाळी काढून टाकतो."

"आणि आज?" मी विचारलं.

"आज," बाबा म्हणाले, "आपण सगळेच अंगणात जेवू."