बहिरूभाऊची बेरिंग

बसा पावणं. तुमचं इंजिन निवल्याबिगर मला हात घालता यायचा न्हाई, तवर च्या घ्या. आन् त्या खिळ्याला टांगलेल्या बेरिंगकडं असं टकामका बघू नका. हळद-कुंकू मीच वाहिलंय तिला, आमच्या कारभारणीची कटकट सोसून.

ती बहिरूभाऊच्या व्हॅनमधली. डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांतनं आजारी माणूस, अडलेली बाई घोडेगावच्या दवाखान्यात आणायची, हेच त्याचं काम. वर फोनला रेंज न्हाई. पण गिअरबॉक्समधली ही बेरिंग झिजलेली, गाडी चढाला लागली की घूंऽऽ करून घुमायची. पार वरपर्यंत ऐकू जायचं. आवाज आला की लोकं पेशंटला उचलून रस्त्यावर येऊन उभी राहायची. मी लई वेळा म्हणालो, बदलून टाकू. तर हसायचा.

"राहू दे सोमाजी. ह्योच माझा फोन."

गेल्या साली काविळीनं गेला बिचारा. गाडी त्याची बायको रत्ना चालवाय लागली. ती काय, बाहेर गाडीची काच पुसतीय. लई खमकी बाई. पण यंदा आषाढात तिसरा गिअर सुटाय लागला, तशी मी बळंच गाडी आत घेतली. गिअरबॉक्स उतरवला, पुलर लावून ही बेरिंग ओढून काढली. गोळ्यांना चट्टे पडलेले, बोटानं फिरवली तरी खरखर करायची. डिझेलच्या घमेल्यात टाकून दिली. नवी आळेफाट्याहून दुसऱ्या दिवशी यायची व्हती. रत्ना तोंड पाडून दारात उभी. म्हणाली, वर कुणाला गरज लागली तर? मी म्हणालो, एका दिवसात काय आभाळ कोसळतंय?

माझी लेक मोहिनी वरच्याच वाडीत दिलीय. दुसरं बाळंतपण म्हणून सासरीच व्हती. अजून महिना बाकी, त्यामुळं मी निर्धास्त.

दुपारी धुकं उतरलं. समोरचा पिंपळसुदिक दिसंना. रत्ना आन् मी आत बसलेलो. अचानक डिझेलचा वास तापल्यावानी उग्र झाला. मंग आवाज आला. बारीक, लांबून आल्यावानी. घूंऽऽ... गिअर टाकला की दबतो, परत चढतो, अगदी तसा. रत्नाचे ओठ हलले.

"चढाला लागली गाडी..."

गाडी आमच्या म्होरं जॅकवर व्हती. गिअरबॉक्स फळीवर सुटा पडलेला. घमेल्यातलं डिझेल थरथरत व्हतं. मी हात घालाय वाकलो, तर रत्नानं मनगट धरलं. जरा वेळानं आवाज थांबला. गाडी उभी करून इंजिन बंद केल्यावर थांबतो, तसा.

संध्याकाळी दवाखान्यातून जावयाचा, भागूचा फोन आला. मोहिनीला अवेळी कळा आलेल्या, रक्त थांबंना. खाली न्यायचं कसं म्हणून घरात रडारड चाललेली, तेवढ्यात रस्त्याला गाडी घुमली. चादरीच्या झोळीत घालून तिला पळवत खाली आणली, तर गाडी कुठंच न्हाई. पण रस्त्यावर व्हते म्हणून दुधाच्या टेम्पोला दिसले, त्यानं उचललं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या. मुलगी झालीय.

"मामा, रत्नाकाकीला सांगा, लई उपकार झाले. पण त्या थांबल्या का न्हाईत?"

मी फोन रत्नाच्या हातात दिला आन् घमेल्यात हात घातला. डिझेल थंडगार व्हतं. बेरिंगचा मात्र चटका बसला, ह्यो बघा डाग. मी तिथंच फरशीवर बसून ढसाढसा रडलो आन् बहिरूभाऊला हात जोडले. भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू? पण जिनं माझी लेक आन् नात राखली, तिला भिऊन कसं चालंल?

नवी बेरिंग बसवली. आता गाडीचा आवाजच येत न्हाई. ही जुनी बेरिंग रत्ना घरी न्हेईना, म्हणून इथं टांगली. रोज रात्री मी तिला दोन थेंब तेल सोडतो. सकाळी कोरडी ठणठणीत असती.

च्या निवला की तुमचा. धुकं आलं बघा पार दारापर्यंत... थांबा, तिला हात लावू नका. डिझेलचा वास येतोय का तुमाला? तुमची गाडी जरा राहू द्या, पावणं.

रत्ना, चावी घे... वर कुणीतरी रस्त्यावर येऊन उभं राहिलं असंल.