बिननावाची पुरचुंडी

शहाऐंशीच्या वैशाखात पिंगळीची मंडळी हिमालयात यात्रेला निघाली, तेव्हा धुरपदाबाईनं नवऱ्याला गाठोड्यासारखं उचलून गाडीत बसवलं. आसारामचं उजवं अंग लुळं पडलं होतं. परभणीचे डॉक्टर झाले, झाडपाला झाला. आता एकच आशा उरली होती, बर्फाच्या डोंगरांतलं उकळत्या पाण्याचं कुंड. तिथंही गुण आला नाही तर पुढं काय, हा विचार ती मनाला शिवू देत नव्हती.

शेवटची चढण त्याला डोलीतून नेलं. खोरं अरुंद, दोन्हीकडं बर्फ आणि मधोमध दगडांतून वर येणारी वाफ. गंधकाचा वास नाकात बसला तो बसलाच. माणसं बोलत होती, पण बोलणं वाफेत जिरून जात होतं.

तिथली रीत साधी होती. फडक्यात तांदूळ बांधायचे, दुखणाईताचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि पुरचुंडी दोरीनं उकळत्या कुंडात सोडायची. मग दुखणाईताला खालच्या कोमट कुंडात उतरवायचं.

"नाव घेतल्याबिगर सोडू नका," यात्रेचे म्होरके तात्याराव पुजाऱ्याचं हिंदी समजावून सांगू लागले. "बिननावाचा घास खाली कोन बी खातंय म्हणं."

मंडळीतल्या केशरबाईनं आपल्या आजारी लेकाचं नाव ठणकावून घेतलं. मग धुरपदाबाईची पाळी आली. लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तर ही मांडवातून पळाली होती. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव कधी तोंडी आलं नव्हतं. त्यात तात्याराव नात्यानं थोरले दीर. त्यांच्यासमोर कसं घ्यायचं? तिनं पदर तोंडावर ओढला आणि नुसते ओठ हलवले. देवाला सगळं ठाऊक असतं, असं मनाशी म्हणत तिनं दोरी सोडली.

दोरीला खालून हिसका बसला.

तिनं पुरचुंडी वर ओढली. गाठ तशीच होती. आत तांदळाचा एक दाणा नव्हता.

ती केशरबाईला दाखवायला वळली, तेवढ्यात डोलीवाल्यांनी खालच्या कुंडात उतरवलेला आसाराम आपल्या पायांनी बाहेर आला. लोकांनी जयजयकार केला. धुरपदाबाई धाय मोकलून रडली. इतकं सुख तिला लेकरं झाली तेव्हाही झालं नव्हतं.

उतरताना तो बर्फावरून अनवाणी चालला. सगळे शालींत कुडकुडत होते, त्याच्या अंगातून वाफ निघत होती. गाडीत तो नुसता भात मागायचा आणि कितीही वाढला तरी त्याला पुरायचा नाही. तिच्याकडं तो पाहुण्यासारखा बघायचा, आदबीनं.

"तुमाला बरं वाटायलंय न्हवं?" ती विचारायची.

"लय बरं."

पूर्णा जंक्शनला गाडी बदलायची होती. भर दुपार होती. धाकटा दीर सूर्यभान फलाटावर न्यायला आला होता. त्यानं लांबूनच हाक मारली, "आसारामदादा." पुन्हा मारली. तो बाकावर बसून समोरच्या रुळांकडं बघत राहिला.

धुरपदाबाई त्याच्या जवळ गेली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, अगदी हळू.

"आसाराम."

तो वळला. समजूत घालावी तसं हसला.

"त्यो तितंच हाय, बाई. पानी लय ऊन हाय म्हनायलाय."