पिवळ्या बदकांची वापसी

जुन्या सायकलची दोन चाकं, एक फळी आणि लोखंडी नळीचा तुकडा एवढ्या सामानावर मल्हारनं हातगाडा जोडायला घेतला होता. मे महिन्याची सुट्टी लागून चारच दिवस झाले होते. रानातले आंबे याच गाड्यावरून घरी आणायचे, असा तिघांचा बेत होता. तेरा वर्षांची वर्षाराणी पाना धरून बसली होती आणि तिचा चुलतभाऊ मल्हार खिळे ठोकत होता. शेजारची मोनिका कुणी न विचारताच दोघांच्याही चुका काढत होती.

तेवढ्यात वर्षाराणीच्या ध्यानात आलं, की घरातलं गाणं मघापासून बंद आहे.

गाणं म्हणजे पिवळ्या प्लॅस्टिकच्या बदकाचं. पोट दाबलं की ते डोळे मिचकावायचं आणि चिरक्या आवाजात गायचं. वर्षाराणीच्या वडिलांनी, आप्पांनी, वीरप्पाच्या दुकानातून म्हशीसाठी सरकी पेंडेचं पोतं आणलं होतं, त्यावर हे बदक फुकट मिळालं होतं. वर्षाराणीची थोरली बहीण दीपमाला माहेरपणाला आली होती. तिच्या सव्वा वर्षाच्या कृष्णराजला बदकाशिवाय घास जात नसे. अख्ख्या सास्तूर गावाला ते गाणं पाठ झालं होतं.

वर्षाराणी घरात गेली. कृष्णराज आईच्या मांडीवर कुरकुरत होता. तोंडातून लाळेची धार लागली होती आणि भरवलेला भात तो जिभेनं बाहेर ढकलत होता. बदक कोपऱ्यात उलटं पडलं होतं. त्याच्या पोटाचं झाकण निघालं होतं आणि आतला बटणाएवढा चपटा सेल जागेवर नव्हता.

तिनं खाटेखाली पाहिलं. मल्हारनं गोधड्या झटकल्या, मोनिकानं सगळी खोली झाडून काढली. झाकण सापडलं, सेल नाही.

आई म्हणाली, दात येताना लाळ गळतेच, केळं चारलं की पोट भरेल आणि पोर झोपेल. दीपमालालाही तसंच वाटत होतं. वर्षाराणीनं आईच्या हातातलं केळं काढून घेतलं.

"त्याला काहीच चारू नका. सेल गिळलाय त्यानं. आत्ताच्या आत्ता उमरग्याला चला."

"तू काय डॉक्टर हायेस?" आई चिडून म्हणाली.

"न्हाय. म्हणून तर डॉक्टरकडं चला म्हणतीय."

आप्पांनी क्षणभर लेकीच्या तोंडाकडं पाहिलं आणि मोटरसायकलला किक मारली. मागं दीपमाला, तिच्या मांडीवर कृष्णराज, आणि सगळ्यात शेवटी बदक छातीशी धरून वर्षाराणी.

उमरग्याच्या दवाखान्यात एक्स-रे फोटो काढला. बाळाच्या गळ्याखाली एक पांढरी चकती दिसली. कंपाउंडर म्हणाला, नाणं असेल. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि त्या चकतीच्या कडेला दोन गोल आहेत, हे बोटानं दाखवलं. नाण्याला एकच कड असते. हा सेल होता, आणि अन्ननलिकेत अडकलेला सेल ओलाव्यानं तिथलं मांस जाळत जातो. दोन तासांतच इजा व्हायला लागते. त्यांनी तिथूनच सोलापूरला फोन लावला आणि बाळाला अँब्युलन्समध्ये बसवलं.

सोलापूरला दुपारी तोंडातून दुर्बीण घालून सेल काढला. एक बाजू काळीठिक्कर पडली होती. बाळाला आठवडाभर दवाखान्यात ठेवावं लागणार होतं, पण ते वाचलं होतं. बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सेलचं आधी कुणाच्या लक्षात आलं? दीपमालानं बहिणीकडं बोट केलं. तिला रडू आवरत नव्हतं. बाईंनी बदक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि वर्षाराणीला परत दिलं.

"हे टाकून देऊ नकोस. असली अजून किती आहेत, ते आधी बघ."

दुसऱ्या दिवशी आप्पांबरोबर गावी परतल्यावर वर्षाराणीनं पहिल्यांदा बदकाचा खोका शोधला. खोक्यावर चंदेरी कागद चिकटवला होता, "वीरप्पा पशुखाद्य भांडार, सप्रेम भेट". मोनिकानं त्याचा कोपरा पाण्यानं भिजवला आणि नखानं हळूहळू सोलला. खाली कंपनीची छपाई होती, एक लांबलचक नंबर होता, आणि त्यावर तिरका लाल शिक्का होता, "परत आलेला माल. विक्रीसाठी नाही".

तो नंबर त्यांनी आप्पांच्या फोनवर शोधला. कंपनीचंच निवेदन सापडलं, दीड वर्षापूर्वीचं. या बदकाच्या पोटाचं झाकण सहज निघतं, आतला सेल लहान मूल गिळू शकतं, म्हणून हा सगळा माल परत मागवत आहोत, तो तात्काळ मुलांपासून दूर करावा, असं त्यात लिहिलं होतं.

मल्हारनं ते दोनदा वाचलं. "म्हणजे दीड वरीस झालं, त्यान्ला ठावं व्हतं."

"त्यान्ला व्हतं. आपल्याला कुणी सांगितलं न्हाय," वर्षाराणी म्हणाली.

तिघं वीरप्पाच्या दुकानात गेली. वीरप्पा तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं आधी बाळाची चौकशी केली, तिघांच्या हातावर गूळ-शेंगा ठेवल्या. मग वर्षाराणीनं तो लाल शिक्का दाखवला आणि त्याचा चेहरा बदलला. माल कुण्या एजंटानं चंदेरी कागद लावूनच स्वस्तात दिला, आपण काही पाहिलं नाही, असं तो म्हणाला. शिवाय वस्तू फुकट दिली होती, आणि फुकटच्या वस्तूची जोखीम कोण घेतं? पोरांकडं आईनं लक्ष द्यायला नको का?

"कुणाकुणाला दिली, तेवढं सांगा काका. आमी जाऊन गोळा करतो," वर्षाराणी म्हणाली.

वीरप्पानं मान हलवली. गावात बोभाटा झाला तर दुकान बसेल. पोरासोरांनी मोठ्यांच्या धंद्यात पडू नये, नाहीतर आप्पांच्या कानावर घालावं लागेल, असं त्यानं बजावलं.

तो हे सुनावत असताना मोनिका खोकी मोजत होती. प्रत्येक मोठ्या खोक्यावर चोवीस नग लिहिलं होतं. चार खोकी रिकामी होती आणि पाचव्यात अकरा बदकं उरली होती. बाहेर आल्याआल्या तिनं हिशेब सांगितला. एकशे नऊ बदकं वाटली गेली होती. एक त्यांच्याजवळ होतं, म्हणजे एकशे आठ अजून घरोघरी.

"घरं कशी शोधायची? नाव एक सांगंना त्यो," मल्हार वैतागला.

वर्षाराणी समोरच्या गोठ्याकडं पाहत होती. दाराला पेंडेचं रिकामं पोतं पडद्यासारखं टांगलं होतं. पोत्यावर हिरवा पट्टा आणि म्हशीचं चित्र. तसलं पोतं गावात फक्त वीरप्पा विकायचा, आणि रिकामं पोतं कुणी फेकून देत नव्हतं. कुणी पायपुसणं करायचं, कुणी वासराच्या पाठीवर टाकायचं.

"हिरवा पट्टा दिसंल तिथं बदक हाय," ती म्हणाली. "गाडा काढ."

भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या त्या गावाच्या गल्ल्या सरळ होत्या, एकही सुटण्याची भीती नव्हती. मोनिका पट्टा हेरायची, मल्हार गाडा ओढायचा आणि बोलायचं काम वर्षाराणीचं. काहींनी बदक लगेच दिलं. काहींनी हसून वाटेला लावलं. गजराबाई मात्र दारातच आडव्या उभ्या राहिल्या. त्यांचा नातू बदक काढून घेतलं की आकांत करायचा. घरोघर फिरून पोरांची खेळणी हिसकावता, लाज वाटत नाही का, असं त्यांनी विचारलं.

वर्षाराणीनं त्यांच्याच नातवाचं बदक गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडलं. टक्कन झाकण उडालं आणि चकाकणारा सेल अंगणात घरंगळत गेला. कोंबडी चोच उघडून त्यावर धावली. मोनिकानं झेप घेतली आणि सेल कसाबसा तिच्या चोचीतून वाचवला.

गजराबाईंनी नातवाला उचलून कडेवर घेतलं. आत गेल्या आणि पदरात आणखी दोन बदकं घेऊन आल्या. त्यांच्याकडं तीन म्हशी होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीरप्पा खरोखरच आप्पांकडं आला. पोरांनी दुकानाच्या दारावर कागद चिकटवला होता, "इथून मिळालेलं पिवळं बदक बाळाला देऊ नका". त्यानं तो फाडला होता आणि यांनी दुसरा लावला होता. त्याचं म्हणणं असं, की नातू वाचला ना, मग आता पुरे. आप्पा विचारात पडले. गावात राहायचं, त्याच्याच दुकानावर जायचं. त्यांनी लेकीला हाक मारून सांगितलं, कागद काढून टाक.

"न्हाय काढणार," वर्षाराणी म्हणाली.

ती जागची हलली नाही. आजवर तिनं आप्पांना असा नकार दिला नव्हता. मग ती वीरप्पाकडं वळली.

"काका, चहा घेऊस्तोवर बसा. मग तुमी म्हणाल तसं करू."

तिनं केळ्याची एक फोड ताटलीत ठेवली, तिच्यावर गोळा केलेल्या एका बदकातला सेल ठेवला आणि ताटली त्याच्यासमोर सरकवली. चहा उकळला, ओतला, पिऊन झाला. आईनं वीरप्पाला दुसरा कप दिला. अर्ध्या तासानं वर्षाराणीनं सेल उचलला. फोडीवर काळा डाग पडला होता आणि त्याच्या कडेनं फेस येत होता.

"असंच कृष्णराजच्या गळ्यात झालं व्हतं," ती म्हणाली. "अजून एकोणीस बदकं सापडायची हायेत."

वीरप्पाची नजर त्या डागावरून हटत नव्हती. आप्पांनी घसा खाकरला.

"वीरप्पा, कागद न्हाय निघणार. उद्या गाडा मी वढतो."

वीरप्पानं कपाळ पुसलं आणि आठवतील तशी नावं सांगायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अठरा बदकं आली. शेवटच्या नावाशी मात्र तो अडखळला. लिंबाजी मेंढपाळानं आजारी शेळ्यांसाठी एक पोतं नेलं होतं. त्याची लहान नात होती. त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, आता अणदूरच्या वाटेवर कुठंतरी असणार, आणि त्याचा फोन बंद होता.

आप्पांनी गाडी काढली, मागं वर्षाराणी आणि मल्हार. मोनिका घरी फोन घेऊन बसली. वाटेतल्या प्रत्येक गावातल्या ओळखीपाळखीच्यांना ती विचारत होती आणि यांना कळवत होती. एका हॉटेलवाल्यानं काल मेंढरं गेल्याचं सांगितलं. एका विहिरीवर ताज्या लेंड्या दिसल्या. ऊन कलायला लागलं तेव्हा नळदुर्गच्या अलीकडं, हायवेपासून आत, नांगरलेल्या रानात त्यांना मेंढरांचा कळप दिसला.

गाडी बांधावर थांबली. वर्षाराणी ढेकळांतून पळत सुटली. बाभळीखाली लुगड्याची झोळी टांगलेली तिला लांबूनच दिसली होती. पण झोळीच्या आधी दोन कुत्री होती, वासरांएवढी. ती दात विचकून अंगावर आली. मागून आप्पा ओरडले, पळू नकोस. ती थांबली, हात खाली सोडले आणि मोठ्यानं हाक दिली.

"आज्जी, कुत्री आवरा. बाळासाठी आलोय."

लिंबाजीची बायको हरणाबाई चुलीपासून उठली. तिनं हाळी दिली तशी कुत्री गुरगुरत बाजूला झाली. वर्षाराणी झोळीपाशी पोचली. आत सात-आठ महिन्यांची पोर तोंड उघडं टाकून झोपली होती. तिच्या तोंडावर, वीतभर अंतरावर, दोरीला बांधलेलं बदक वाऱ्यानं हलत होतं. पोटाचं झाकण एका कडेनं सुटून लोंबत होतं.

वर्षाराणीनं दोन्ही हातांची ओंजळ बदकाखाली धरली आणि मल्हारला दोरी कापायला सांगितलं. दोरी कापताच बदक ओंजळीत आलं. झाकण निघालं आणि सेल तिच्या तळहातावर पडला.

सगळं ऐकल्यावर हरणाबाईनं आधी नातीला छातीशी धरलं. मग वर्षाराणीच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. लिंबाजी म्हणाला, "आमच्यामागं इतक्या लांब आजवर कुणी आलं न्हाय, पोरी." त्यांना शेळीच्या दुधाचा चहा प्यायल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कळवल्यावरून पुढच्या आठवड्यात जिल्ह्याहून अधिकारी आले. त्यांनी सगळी बदकं पोत्यांत भरून सील केली. वीरप्पानं एजंटाचं नाव आणि नंबर स्वतःहून लिहून दिला. त्या एजंटानं आणखी कुठल्या गावांत माल दिला, याची चौकशी सुरू झाली. कृष्णराज दवाखान्यातून घरी आला आणि पहिल्याच दिवशी वाटीभर खिमट खाऊन झोपला.

मग ग्रामपंचायतीसमोर सभा झाली. तिघांना पुढं बसवलं, शाल-नारळ झाले. सरपंच म्हणाले, गावातल्या बाळांची काळजी मोठ्यांनी घ्यायची, ती या पोरांनी घेतली, आम्हाला त्यांचा अभिमान आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन शब्द बोल म्हणून त्यांनी वर्षाराणीला उभं केलं.

तिनं नारळ मल्हारच्या हातात दिला. कंपनीचं ते निवेदन तिनं कागदावर उतरवून आणलं होतं, त्याची घडी उघडली.

"दीड वरीस झालं, हे लिहिलेलं व्हतं," ती म्हणाली. "आमी दारोदार सांगत फिरलो, तवा निम्म्या लोकांनी म्हटलं, पोरांनी मोठ्यांत बोलू नये. एजंटानं वाचलं न्हाय, दुकानदारानं वाचलं न्हाय, घरात आणणाऱ्यानं वाचलं न्हाय. आमच्या घरानंबी न्हाय."

सभेत चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे इकडंतिकडं पाहू लागले. सरपंचांनी हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला. छान बोललीस, आता बस, असं ते म्हणाले.

"बसू नको, वर्षा," मागून आप्पांचा आवाज आला. ते उभे राहिले होते आणि त्यांच्या कडेवर कृष्णराज होता. "समदं वाचून दाखव. आमी ऐकतो."

वर्षाराणी बसली नाही. कागद नीट धरून तिनं पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.